जर्सीवरचं नाव

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास खारघरच्या सेंट्रल पार्कच्या बाजूला गेलात तर सायकलवाल्यांची जत्रा दिसते. निम्मे आमच्यासारखे आयटीवाले. पोट थोडं सुटलेलं, सायकल मात्र लाखाच्या घरातली आणि अंगात कुठल्यातरी परदेशी संघाची जर्सी. त्यात टीम स्काय फार लोकप्रिय. गंमत म्हणजे टीम स्काय नावाचा संघ आता नाहीच! २०१० मध्ये तो आला, २०१९ मध्ये प्रायोजक बदलला आणि त्याच संघाचं नाव इनिऑस झालं. त्यांना वेळेवर दुसरा शेठ मिळाला. ज्यांना मिळत नाही त्यांचं काय होतं, ही गोष्ट मला जास्त रंजक वाटते.

आपल्याला औटघटकेचे संघ नवीन नाहीत. रायझिंग पुणे आठवतंय का? चेन्नई आणि राजस्थानवर बंदी होती म्हणून २०१६ आणि २०१७ असे दोनच मोसम खेळायला आलेला संघ. दुसऱ्या मोसमात थेट फायनल, मुंबईकडून एका धावेने हार, आणि मग दुकान बंद. पण तिथे सगळ्यांना आधीच माहीत होतं की दोन वर्षांचं काम आहे. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसासारखं. सायकलिंगमध्ये हे बऱ्याचदा माहीत नसतं.

उदाहरण घ्या 'लिंडा मॅकार्टनी' या ब्रिटिश संघाचं. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीची बायको लिंडा. तिच्या नावाने शाकाहारी फ्रोजन पदार्थांचा ब्रँड होता आणि त्या ब्रँडच्या नावाने १९९८ मध्ये सायकलचा व्यावसायिक संघ निघाला. अट एकच, संघातल्यांनी शाकाहारी राहायचं. चिकनशिवाय ताकद कुठून येणार, असं आपल्याकडचे जिमवाले अजून विचारतात. हे लोक तेव्हा डाळी-भाज्यांवर युरोपातले डोंगर चढत होते.

आणि नुसते चढत नव्हते. २००० साली हा संघ 'जिरो द इतालिया' या तीन आठवड्यांच्या शर्यतीत उतरला. जिरोत उतरलेला तो पहिला ब्रिटिश संघ. अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णविजेता पास्कल रिशार आणि त्याच शर्यतीत ब्राँझ मिळवलेला मॅक्स शियांद्री, दोघेही याच संघात. पण नाव गाजवलं ते डेव्हिड मॅकेन्झी या फारशा कुणाला माहीत नसलेल्या ऑस्ट्रेलियनने. सातव्या टप्प्यात सुरुवातीलाच तो पुढे निघून गेला आणि दीडशेहून जास्त किलोमीटर एकटा दामटत पहिला आला. खारघरहून एकट्याने निघायचं, पाठीमागे जगातले बाप लोक एकमेकांच्या आडोशाने धावतायत, आणि पुणं ओलांडून खूप पुढे जाईपर्यंत कुणाच्या हाती लागायचं नाही, असं काहीसं. समोरचा वारा सगळा एकट्याने खायचा!

आता वाटेल की अशा संघाकडे प्रायोजकांची रांग लागली असेल. २००१ साठी मोठमोठ्या घोषणा झाल्या, नवे खेळाडू घेतले, जर्सीवर मोठ्या कंपन्यांची नावं आली. जानेवारीत लंडनमध्ये नव्या संघाचं अनावरण ठरलं, देशोदेशीचे खेळाडू तिथे जमले. आणि तिथे त्यांना कळलं की पैसे नाहीत. ज्यांची नावं जर्सीवर होती त्यांच्याकडून काही येणारच नव्हतं. संघ त्याच आठवड्यात संपला. मोसम तोंडावर, बाकीच्या संघांच्या जागा भरलेल्या, आणि हातात जर्सी. संघाचा प्रसिद्धीप्रमुख जॉन डिअरिंगने पुढे यावर 'टीम ऑन द रन' नावाचं पुस्तकच लिहिलं.

मी कामाने इंजिनियर, त्यामुळे अपघात कसा झाला यापेक्षा सिस्टीम अशी का बांधली आहे हे मला आधी विचारावंसं वाटतं. सायकल शर्यत रस्त्यावर होते, रस्त्याला तिकीट नसतं. टीव्हीचे पैसे मुख्यतः आयोजकांच्या खिशात जातात. आयपीएलच्या संघांना प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा मिळतो, इथे तसं जवळजवळ काही नाही. स्टेडियम नाही, गावाचं नावही नाही. म्हणजे अख्खा संघ एका सहीवर उभा. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणूनच जागतिक संघटना, म्हणजे यूसीआय, संघांकडून पगारासाठी बँक गॅरंटी मागते. कंटाळवाणा कागद आहे, पण खेळाडूच्या घरचा हप्ता त्याच्यावर चालतो.

त्या जानेवारीत लंडनला आलेल्यांमध्ये वीस वर्षांचा एक पोरगा होता, ब्रॅडली विगिन्स. त्याचं काय झालं? त्याला परत जायला जागा होती. सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने ट्रॅकवर ब्राँझ मिळवलं होतं आणि ब्रिटनमध्ये लॉटरीच्या पैशातून चालणारा राष्ट्रीय कार्यक्रम होता. त्यावर त्याने ते वर्ष काढलं. २०१२ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश ठरला, आणि तेव्हा त्याच्या अंगात जर्सी होती टीम स्कायची.

आपल्याकडे ही 'परत जायची जागा' कोण देतं? रेल्वे आणि सैन्यदल. मुंबई-पुणे सायकल शर्यत पनवेल-खोपोलीवरून बोरघाट चढते, तिथे 'घाटाचा राजा' ठरतो. घरी शेती किंवा छोटं दुकान, पायात दम आणि डोळ्यासमोर स्पोर्ट्स कोट्यातली टीसीची नाहीतर क्लार्कची नोकरी, अशा पोरांच्या जिवावर आपलं सायकलिंग चाललंय. त्यांना आपण सहज म्हणतो, "नोकरी लागली की संपला खेळ." खरंय, काहींचा संपतोही. पण माझ्या एका जुन्या कंपनीत दोन महिने पगार लांबला होता, तेव्हा टाऊनहॉलमध्ये "वी आर अ फॅमिली" ऐकताना मला या टीसी लोकांचा मनापासून हेवा वाटला होता.

जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' झाली, परदेशी व्यावसायिक संघ आपल्या रस्त्यांवरून धावले. आता कुणीतरी उद्योगपती म्हणेल, आपलाही संघ काढू. जरूर काढावा! मी जर्सी विकत घेईन, पहिल्याच दिवशी. पण त्या संघात जाण्यासाठी एखाद्या पोराने रेल्वेचा कॉल सोडावा असं वाटत असेल, तर प्रायोजकाचं नाव जर्सीवर छापण्याआधी तीन वर्षांचे पगार बँकेत बाजूला ठेवलेले दिसायला हवेत. तो कागद नसेल आणि कुणी मला विचारलं, तर मी सांगेन, बाबा रे, आधी टीसी हो. घाट कुठे पळून जात नाही.