नाममुद्रा नसलेला सांगाडा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी आम्ही सायकलचा एक पोलादी सांगाडा विकत घेतला. आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोघे सहकारी. चाळिशी ओलांडलेले आणि यंत्रांविषयी यथातथाच ज्ञान असलेले. चाके नव्हती, हँडल नव्हते, सीट नव्हती. होता तो चिमटा, आणि सगळ्यावर काळ्या रंगाचे थर. विक्रेता म्हणाला, "साहेब, ओरिजिनल रॅले आहे, विलायती." आम्हाला तेच ऐकायचे होते. घरी पोचेपर्यंत चार जणांना आम्ही रॅले मिळाल्याचे सांगूनही टाकले.

त्याच संध्याकाळी आम्ही एक अक्षम्य चूक केली. वायर ब्रश घेऊन सीटखालची नळी घासायला बसलो. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर काळे पोपडे पडू लागले, मग हिरवे, आणि त्या हिरव्यांत सोनेरी किरळ्या दिसल्या. हात थांबला तेव्हा फार उशीर झाला होता. नळीवर मूळ कारखान्याची अक्षरे होती आणि ती आम्ही खरवडून काढली होती. एका पोपडीवर अर्धगोल वळण तेवढे उरले होते; ते 'सी'चे, 'ओ'चे की नुसत्या नक्षीचे, हे ठरवण्याचा मार्ग आता नव्हता. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिकाचे नाव, शक आणि तिथी देणारी पुष्पिका असते. ती आधी वाचावी, असे वर्गात आम्हीच सांगतो. आम्ही मात्र ते पान आधी जाळले आणि मग पोथी कोणाची म्हणून विचारू लागलो.

यानंतर घाई सोडली. सीटच्या सांध्यापाशी डिझेलचा बोळा फिरवला तेव्हा पाच आकडी क्रमांक दिसला. त्याच्यामागे-पुढे अक्षर नव्हते. एकट्या क्रमांकावरून काही ठरेना. निर्णायक साक्ष मिळाली ती पॅडलच्या आसाच्या नळीतून. आमच्या ओळखीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात काकांनी तिच्यातले आटे मोजले. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने अनेक दशके आपल्या सायकलींच्या या नळीला इंचाला 26 आटे ठेवले. इंग्लिश पद्धतीच्या इतर बहुतेक सायकलींना असतात 24. काकांनी दातेरी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "चोवीस. ही रॅले नाही, सर."

मग कोणाची? बर्मिंगहॅमची हर्क्युलस किंवा फिलिप्स असू शकते. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस बनू लागली. सोनीपतला अ‍ॅटलस आणि लुधियानाला हीरो उभ्या राहिल्या. सगळ्यांचे वळण त्याच काळ्या, उंच, रॉडच्या ब्रेकच्या इंग्लिश सायकलीचे. शिवाय 1960 मध्ये हर्क्युलस आणि फिलिप्स ही नावे रॅलेच्याच छत्राखाली आली. त्यामुळे नाव सापडले असते तरी कर्ता सापडलाच असता असे नाही.

हा अनुभव मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना मिसळली, कारण दोघांची नाममुद्रा 'नामा'च. अभंगाच्या शेवटच्या चरणातले नाव ही सही नव्हे. संशोधकाला भाषेची रूपे, छंद, उल्लेख असे आतले पुरावे पाहावे लागतात. आमच्या सांगाड्याचे आटे हा तसा आतला पुरावा होता. बाहेरून काहीही चिकटवता येते. नळीच्या आत पाडलेले आटे बदलणे सोपे नसते.

आणि चिकटवण्याचा मोह आम्हाला झालाच. पुढच्या रविवारी जुन्या बाजारात रॅलेचा पितळी बिल्ला मिळाला, बगळ्याच्या डोक्याचा, अगदी स्वस्तात. आमच्यापैकी एकाने तो लगेच घेतला. हँडलखालच्या उभ्या नळीवर जुन्या बिल्ल्याची दोन भोके होती, पण त्यांचे अंतर या बिल्ल्याशी जुळेना. काका म्हणाले, "नवीन भोकं पाडतो, दोन मिनिटांचं काम. वरून भट्टीचा रंग मारला की कळणारसुद्धा नाही." दुकानात आम्ही बराच वेळ गप्प उभे होतो. चार जणांना सांगितलेले खरे ठरणार होते. प्रक्षेप करणारा दरवेळी लबाड असतो असे आम्ही तोवर समजत होतो. एकदा बोलून बसलेला साधा माणूसही ते करू शकतो, हे त्या दिवशी कळले. बिल्ला आम्ही पिशवीत ठेवला.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन 1925 मध्ये सुखठणकरांकडे आले. मिळालेल्या पोथ्या जिथवर मागे नेतात तिथवरच जायचे, व्यासांची मूळ संहिता हाती लागली असे म्हणायचे नाही, ही त्यांची शिस्त. जिथे पाठ अनिश्चित, तिथे त्या आवृत्तीत अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. आम्ही तेवढेच करायचे ठरवले. मागच्या टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला, तेव्हा सीटच्या नळीपासूनचे अंतर एका बाजूला चार मिलिमीटर जास्त भरले. काकांनी पोलाद हळूहळू वाकवून ते सरळ केले. गंज काढला, नळ्यांच्या आत तेल सोडले. उरलेला काळा-हिरवा रंग तसाच ठेवून वर पारदर्शक लॅकर दिले. खरवडलेली जागाही झाकली नाही. चाके नवी घेतली आणि ती नवीच दिसतात.

सायकल आता महाविद्यालयाच्या स्टँडवर असते. विद्यार्थी विचारतात, "सर, कुठल्या कंपनीची?" नॉटिंगहॅमची नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. त्या चार जणांनाही एकेक करून सांगून झाले. हँडलखालची दोन भोके रिकामीच आहेत. पावसाळ्याआधी त्यांत तेलाचे बोट फिरवतो.