रजिस्टरात माझं नाव नाही



संपादक म्हणाले, या खेपेला कविता नको, कामावर लिही. तर कामावरच लिहितो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात आहे. एका साच्याला हजारावर चात्या. दोन साच्यांच्या मधल्या बोळातून आठ तास येरझाऱ्या घालायच्या आणि तुटलेला धागा सांधायचा. साचा बंद करायचा नसतो. तेवढी एक चाती गुडघ्यानं दाबून थांबवायची, बॉबिनवरचं टोक हुडकायचं, ट्रॅव्हलरमधून ओवायचं, वरून येणाऱ्या तंतूला टेकवायचं आणि गुडघा काढायचा. सांगायला वेळ लागतो, करायला काही सेकंद. नवा माणूस बोट कापून घेतो. सांधा जाड राहिला तर पुढं कापडात गाठ दिसते. या कामाला सायडर लागतो. कान बहिरे होतात, नाकात तूस जातं, पण हात बसला की एक गंमतही आहे. डोळे मिटले तरी हात चाती सोडत नाही.

हे काम मी तीन वर्षं करतोय. कार्डावर मात्र 'हेल्पर' लिहिलंय, आणि तेही गिरणीचा नव्हे, ठेकेदाराचा. हेल्परनं झाडू मारायचा, तूस गोळा करायचं, बॉबिनच्या ट्रॉल्या ढकलायच्या. तेही मी करतो. पाळी सुटताना हँकमीटर बघून साच्याचं उत्पादन रजिस्टरात चढवतात आणि समोर सायडरचं नाव लिहितात. माझ्या दोन साच्यांसमोर एका कायम माणसाचं नाव पडतं. माणूस वाईट नाही. पण तो त्या वेळी खात्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. उत्पादनावरचा भत्ता त्याच्या नावावर जातो. महिन्यातून एकदा तो मला भजी खायला घालतो आणि पाठीवर थाप मारून म्हणतो, "तुझ्यामुळं चाललंय बघ आमचं." खरंच आहे ते.

गेल्या २६ जानेवारीला गिरणीच्या आवारात झेंडावंदन झालं आणि तीन कामगारांचा सत्कार झाला. त्यात मी. माइकवरून पुकारलं, "उत्कृष्ट हेल्पर". आडनाव वाचताना साहेब जरा अडखळले. आपलं आडनाव वाचताना माणसं का अडखळतात ते तुम्हाला सांगायला नको. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळाच्या मधोमध चेअरमनचा फोटो, त्यामुळं काटे दिवसभर त्यांच्या तोंडावरून फिरतात. नंतर साहेबांचं भाषण झालं. कामगाराला पगारापेक्षा कौतुक जास्त लागतं, कौतुकानं माणूस फुलतो, असं ते बोलले. ठेक्यावरच्या बायका मागं उन्हात उभ्या होत्या. त्यातली एक मावशी हळूच म्हणाली, "मग किराणावाल्याला पण सांगा म्हणावं."

घड्याळ आईनं भिंतीला लावलं. मी काढलं नाही. वेळ बरोबर दाखवतं.

आता कोणी म्हणेल, हा पोरगा फक्त पैशाचं बोलतोय. तसं नाही. कौतुक मलाही पाहिजे. कोणाला नको असतं? एकच गोष्ट सांगतो. मला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या जॉबरनं. बोलणं कमी, शिव्या जास्त. पहिल्या वर्षी एका रात्रपाळीला त्यानं माझ्या साच्यावरची चार-पाच बॉबिनं उचलली, अंगठ्यानं सूत चाचपलं, दिव्याकडं धरून बघितलं आणि परत ठेवली. काही बोलला नाही. तासाभरानं घरून निरोप आला, त्याची पोरगी तापानं फणफणली होती. तो गेला, आणि जाताना आख्खी लाइन माझ्या हवाली करून गेला. दुसरे दोन कायम सायडर तिथंच उभे होते. त्यांना नाही, मला सांगितलं. त्या रात्री मी जेवायच्या सुट्टीत डबाच उघडला नाही, इतकं भरून आलेलं. तो जॉबर आपल्यातला नव्हता, हेही लिहून ठेवतो. आता तो रिटायर झालाय. आणि त्या रात्रीच्या रजिस्टरातसुद्धा माझं नाव नाहीच.

साहेबांचा सत्कार आणि जॉबरची ती लाइन, या दोन्हींना आपल्याकडं एकच शब्द आहे, 'कदर'. मला वाटतं तिथंच घोळ आहे. जॉबरनं मला काम दिलं, माझ्या हाताच्या लायकीचं. साहेबांनी घड्याळ दिलं आणि काम होतं तिथंच ठेवलं.

हे आजचं नाही. माझा आज्जा मुंबईत गिरणीत होता, त्याचा बापही. दोघंही रिंग खात्यात. लहानपणी मी विचारायचो, "आज्जा, तुमच्या गिरणीत कापड व्हायचं, मग तुम्ही कापड का नाही विणलं?" तो म्हणायचा, "आपल्याला त्या खात्यात घेत न्हवते बाळा." विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं, अशी रीत. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्याला विणकाम बंद. मालकानं जेवढं बंद केलं, त्याहून जास्त शेजारच्या साच्यावरच्या कामगारानं केलं. आज्जा हे सांगताना तोंडानं धागा ओढल्यासारखं करून दाखवायचा. त्याच्या बापानं त्याला दाखवलेलं असणार.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, सगळ्या खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी माझ्या लोकांना संपात पडू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी मागणी घातली, पण नाखुशीनं. मालकांपुढं गेली तेव्हा मालकांनी उलट ऐकवलं की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. बघा, मालक कामगारांना शिकवतोय, आणि त्या एका मुद्द्यावर त्याला उत्तर नाही. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते काही पुस्तकातून काढून सांगितले नव्हते. कुठल्या खात्यात कोण आहे, कोणाला बढती मिळते, कोण जन्मभर गँगमनच राहतो, हे मोजून सांगितले.

मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. आमच्या लोकांच्या मेहनतीचं कौतुक करा, असं ते कुठं म्हणाले नाहीत. खातं उघडा म्हणाले.

आज्जाची गिरणी १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर त्याला परत दिसली नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्या संपात होती. तो गावाला आला आणि लोकाच्या रानात राबला. मेला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत गिरणीचं कार्ड निघालं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोऱ्यानं बांधलेलं. त्यावर त्याचं नाव, नंबर, खातं. माझ्या कार्डावर ठेकेदाराचं नाव मोठ्या अक्षरात आहे.

मामाचं सांगतो. मामा एका नगरपालिकेत ठेक्यावर गटारी काढतो. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता लोकांनी थाळ्या वाजवल्या, नंतरच्या दिवसांत मामाला एका कॉलनीत हारही घातला. मामा हार घेऊन घरी आला. हातमोजे मात्र त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेले. त्याच्या आदल्या वर्षी, २४ फेब्रुवारी २०१९ ला, प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले होते. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. मामाही बघत होता. तो म्हणाला, "पाय कशाला, पाय धुतो की आम्ही. हातात घाण द्यायची थांबवा." माणसाकडून मैला काढून घ्यायचा नाही असा नवा कायदा २०१३ सालीच झालाय. १९९३ पासून गटारात मेलेल्यांची घरं शोधा आणि प्रत्येक घराला दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे मेल्यावर नाव नोंदवून घ्यायलासुद्धा कोर्टात जावं लागलं. थाळ्या वाजवायला कोणाला कोर्टाचा हुकूम लागला नाही.

आता तुमच्याकडं येतो. राग मानू नका, मानला तरी चालेल.

१४ एप्रिलला आपल्याच स्टेजवर माझी ओळख करून देतात, 'कामगार कवी'. एकदा एक प्राध्यापक म्हणाले, "गिरणीत काम करूनही किती सुंदर लिहितो." त्या 'करूनही' वर मी आठवडाभर अडकलो होतो. शाळा दहावीनंतर सुटली, मी डिक्शनरी घेऊन बसून शिकलो, मला शब्द लवकर टोचतात. गिरणीत काम करतो म्हणून लिहितो, काम करूनही नाही. पण ते जाऊ द्या. टाळ्या पडतात, फोटो निघतात, मोबाईलवर फिरतात. मार्चमध्ये आम्ही ठेक्यावरच्या लोकांची गेटवर मीटिंग ठेवली होती, तेव्हा मी तुमच्यातल्या तीस-एक जणांना निरोप दिला. दोघं आले. त्यातला एक कॅमेरा घेऊन. कवितेला जी मान हलवता ती मान गेटकडं वळत नाही, हे मला आवडलेलं नाही. जे दोघं आले त्यांच्यापैकी एकानं अर्ज नीट लिहून दिला, त्याचे उपकार आहेत.

अर्ज साधा आहे. सायडरचं काम जो करतो त्याचं नाव रजिस्टरात लिहा, उत्पादनाचा भत्ता त्याला द्या, आणि तीन वर्षं ते काम करणाऱ्याला सायडर म्हणून घ्या. खाली नऊ सह्या आहेत. पाच आपले, तीन इतर, आणि ती मावशी, जी पॅकिंगमध्ये आहे आणि ज्या बॅगा भरते त्याची मोजणी दुसऱ्याच्या नावावर लागते. तिनं अंगठा नाही दिला, सही केली. नऊ अक्षरांना तिला पाच मिनिटं लागली आणि आम्ही सगळे गप्प उभे राहिलो.

ज्याच्या नावावर माझे साचे लागतात त्या माणसाला मी आधी सांगितलं. पाठीमागून केलं असं नको. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "माझा भत्ता जाईल की रं." मी म्हटलं, "तुम्ही ज्या साच्यावर असता त्याचा तुम्हालाच मिळंल." तो उठून गेला. भजी बंद झाली. सही त्यानं केली नाही, पण मास्तरांनी विचारलं तेव्हा साच्यावर कोण असतं ते खरं सांगितलं.

मास्तर मला म्हणाले, "अरे, आत्ताच तुझा सत्कार केला आणि तू हे करतोस?" मी म्हटलं, "सत्कार केला म्हणजे काम चांगलं आहे हे तुम्ही मान्य केलं. आता कोणतं काम, तेवढं लिहा." त्यावर त्यांनी मला साच्यावर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं गेटवर सहज विचारल्यासारखं विचारलं, पुढच्या महिन्यात पास पाहिजे ना? घरात आई आहे, बहिणीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे. पाहिजे म्हणून सांगितलं.

अर्ज आत जाऊन सतरा दिवस झाले. पोच दिलेली नाही. रोज पाळी सुटली की मी टाइम ऑफिसच्या खिडकीशी जाऊन पोच मागतो आणि खिडकीतला क्लार्क उद्या म्हणतो. कालपासून मावशीही माझ्याबरोबर येते. दुसरी पाळी रात्री बारा वाजता सुटते, ज्याला यायचं त्यानं तेव्हा यावं. खिडकीवर दिवा असतो.