चढावर तापणारी गाडी

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात सेवेस होतो, तेथे एक जुना ट्रक होता. १९९७ साली बांधणी झालेला, हिरव्या रंगाचा, दारे दोरीने बांधून ठेवावी लागणारा. दरवर्षी सुगी संपली की वसईच्या किनाऱ्यावरील आमची कुटुंबे तांदूळ, केळी, नारळ असे काहीबाही देत आणि तो सारा शिधा आम्ही मनोर, विक्रमगड या मार्गाने जव्हारच्या डोंगरातील एका वसतिगृहाला पोहोचवीत असू. तेथील धर्मभगिनी आदिवासी मुलांना सांभाळतात. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी आमची गाडी शेवटच्या चढणीवर मात्र हमखास तापत असे.

गाडी चालविणारे काका साठीच्या घरातले. चर्चच्या आवाराचे वळण आणि गाडीचा गिअर दोन्ही त्यांच्या हाताला सारखेच परिचित. २०१५ सालच्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून निघालो. घाटात तापमानाचा काटा तांबड्या रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि काकांनी गाडी कडेला घेतली. ते खाली उतरले, चाकामागे दगड लावला आणि झाडाखाली बसून राहिले. पाण्याचा डबा शेजारी असूनही त्यांनी रेडिएटरचे टोपण पाऊण तास उघडले नाही. संध्याकाळच्या मिस्सेला मला परत यायचे होते. "काका, पाणी घालायला एवढा वेळ कशाला?" मी दोनदा विचारले. "थंड होऊ द्या, फादर," एवढेच त्यांचे उत्तर.

वसतिगृहाच्या अंगणात मात्र माझा संयम सुटला. हमाली करणारी मुले आणि दोन धर्मभगिनी यांच्यासमक्ष मी बोलून गेलो, "गाडी जुनी झाली आहे की तुम्ही, काका? चढावर गाडी कशी हाकावी हे आता तुम्हांला जमत नाही." काका काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि "येतो, फादर" म्हणून निघून गेले. मीही त्यांना थांबविले नाही. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले.

नवा चालक पंचविशीचा तरुण. पहिल्याच खेपेला गाडी त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर तापली. तेव्हा मी ती एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केले, "हेडचे गॅस्केट गेले. इंजिन खोलावे लागेल." खर्च तीस हजारांच्या पुढे. तेवढी रक्कम धर्मग्रामाच्या त्या खात्यात नव्हती. शेवटी कुणीतरी मनोरच्या नाक्यावरील एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचविले.

त्या मिस्त्रींनी हत्याराला हात लावण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारला. "फादर, गाडी तापते कधी? उभी असताना, की ओझे घेऊन चढताना?" मी म्हटले, फक्त चढताना. ते म्हणाले, "मग पंखा आणि पट्टा यांच्यावर माझा संशय कमी. उभ्या गाडीला वारा पंखाच देतो. तो बिघडला असता तर गाडी रहदारीत उभ्या-उभ्या तापली असती. चढावर तापते म्हणजे पाणी पुरेसे फिरत नाही, किंवा फिरून पुरेसे निवत नाही."

त्यानंतरचे दोन तास मी एका लाकडी खोक्यावर बसून पाहत राहिलो. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला निमित्त आणि कारण यांतील भेद घोकून घ्यावा लागला होता. तो भेद तेलकट हातांनी प्रत्यक्ष कसा पाळतात, ते मी त्या दिवशी पाहिले.

आधी त्यांनी मोठी भीती दूर केली. थंड इंजिनचे टोपण काढून त्यांनी गाडी सुरू केली आणि पाण्याकडे पाहत राहिले. गॅस्केट फाटले असते तर जळलेल्या वायूचे बुडबुडे पाण्यातून सारखे वर आले असते. तसे बुडबुडे नव्हते. तेलाची पट्टी काढून दाखविली. तेलात पाणी शिरले की ते दुधाळ होते. आमचे तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. मग त्यांनी थर्मोस्टॅट काढला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. तिच्यातील मेण उष्णतेने फुगते आणि झडप उघडते. शेजारच्या टपरीवरून पातेले आणून, झडप तारेने पाण्यात टांगून त्यांनी ते तापविले. तिच्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता आणि थर्मामीटरचा पारा त्याच्या आसपास येताच ती निमूटपणे उघडली. "ही निर्दोष," ते म्हणाले. "पुष्कळ लोक हिलाच काढून फेकून देतात."

तिसरी पाळी टोपणाची. ते साधे झाकण आहे असे मी समजत होतो. मिस्त्री म्हणाले की त्यातील स्प्रिंग आणि रबर मिळून आतला दाब धरून ठेवतात. त्या दाबामुळे शंभर अंशांना उकळणारे पाणी एकशे पंधरा-वीस अंशांपर्यंत उकळत नाही. आमच्या टोपणाचे रबर कडक होऊन तडकले होते. दाब टिकत नव्हता, पाणी लवकर उकळून वाफेवाटे उडत होते. "आणि हे तापलेल्या गाडीचे उघडले तर?" मी विचारले. त्यांनी बाही वर करून दंडावरची जुनी, आक्रसलेली कातडी दाखविली. "दाब सुटला की सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते, फादर. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. जाणता माणूस झाडाखाली बसतो."

मी खाली पाहिले. त्या पाऊण तासाला मी आळस म्हटले होते.

त्यांनी मग नव्या चालकाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले आणि मला वाकून रेडिएटरच्या खालच्या रबरी पाईपकडे पाहायला लावले. इंजिन संथ चालत असता पाईप ठीक दिसत होता. वेग वाढताच पंपाच्या ओढीने तो चिमटल्यासारखा चपटा झाला. आतून त्याला आधार देणारी तारेची स्प्रिंग गंजून संपली होती. म्हणजे जेव्हा पाण्याची सर्वांत अधिक गरज, नेमकी तेव्हाच वाट बंद. शेवटी गाडी बंद करून त्यांनी रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरविला. मधला बराच भाग गारच होता. आतल्या नळ्या क्षाराने बुजल्या होत्या.

"यात पाणी कुठले घालता?" त्यांनी विचारले.

"आमच्या विहिरीचे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलविली. वसईच्या किनारपट्टीवरील कित्येक विहिरी गेल्या काही दशकांत मचूळ झाल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्याच पाण्याने चर्चच्या बागेतील गुलाब करपले तेव्हा मी माळ्याला ते वापरू नको म्हणून सांगितले होते. गाडीसाठी मात्र मीच आज्ञा दिली होती, "कूलंट कशाला विकत घ्यायचे? विहीर भरलेली आहे." खाऱ्या पाण्याने स्प्रिंग गंजली, नळ्या बुजल्या. टोपण दाब धरीना म्हणून पाणी उडे. उडाले की पुन्हा तेच खारे पाणी आत जाई.

रेडिएटर खोलून नळ्या साफ करणे, नवा पाईप, नवे टोपण, कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी, असा सारा खर्च चार हजारांच्या आत झाला. गाडी दुरुस्त झाली. मी व्हायचा होतो.

घरी आल्यावर हिशेब लिहिण्यासाठी मी गाडीची वही काढली. महिन्याच्या अखेरीस ती माझ्यासमोर येई आणि मी सही करीत असे. त्या रात्री ती प्रथमच वाचली. काकांच्या वळणदार अक्षरात जानेवारीत लिहिले होते, "गाडी चढावर गरम. टोपण बदलणे." फेब्रुवारीत, "रेडिएटर साफ करून घेणे. विहिरीचे पाणी चालत नाही." मार्चमध्ये पुन्हा तेच. प्रत्येक नोंदीखाली माझी सही होती, तारखेसह.

डोळ्यातील कुसळ आणि मुसळ यांवर मी आजवर किती प्रवचने दिली असतील, देव जाणे. दररोज रात्री आत्मपरीक्षण करण्याची सवय आम्हांला गुरुविद्यालयात लावली जाते. ती मी मोडली नव्हती. परंतु मी माझ्या मनाची उभी गाडी तपासत होतो. प्रार्थनामंदिरात, संथ चालीत, माझ्यातही काही दोष दिसत नसे. घाई, थकवा आणि अधिकार यांचे ओझे घेऊन चढ चढताना कोणती वाट चिमटते, हे पाहायला मी कधी वाकलोच नव्हतो. दुसऱ्यांना पापनिवेदनासाठी बसविणारा मी, पश्चात्ताप आणि निवेदन यांनंतर भरपाईही करावी लागते हे इतरांनाच सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या वाडीत गेलो. ते केळीला पाणी लावीत होते. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, "काका, हे मी वाचले नव्हते. चूक माझी होती, आणि मी दोष तुम्हांला दिला. मला क्षमा करा." त्यांनी फावडे बांधावर टेकविले, हात लुंगीला पुसले, पण वही हातात घेतली नाही. बराच वेळ पाटातल्या पाण्याकडे पाहून ते म्हणाले, "फादर, बोललात त्याचे नाही. सिस्टरांच्या समोर बोललात."

त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या खेपेला मी त्यांना बरोबर येण्याची विनंती केली. ते चालकाच्या जागी बसले नाहीत. खांदा दुखतो म्हणाले. तरुण चालकाच्या शेजारी बसून घाटात कुठे कोणता गिअर टाकावा, ते त्याला सांगत राहिले. काटा मध्यावरच राहिला. वसतिगृहाच्या अंगणात, त्याच मुलांच्या आणि त्याच धर्मभगिनींच्या समोर, मी माझी चूक कबूल केली. काका तेव्हा मागे उभे राहून तांदळाची पोती मोजत होते. त्यांनी वर पाहिले नाही. पण मोजणी मात्र थांबली होती.

आता माझी बदली दुसऱ्या धर्मग्रामात झाली आहे. येथेही महिन्याच्या शेवटी सहीसाठी वह्या येतात. मी त्या वाचतो.