शिळ्या कढीला ऊत

शिळ्या कढीला ऊत आणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण पहिल्याने उच्चारली, त्याच्या घरी रोज ताजी कढी होत असावी आणि ती करणारे माणूस दुसरे असावे. रात्रीचे उरलेले सकाळी खाण्याची रीत ज्या घरांत आहे, तिथल्या बायकांना विचारून पाहा. कढी पुन्हा तापवता येते. मात्र आच मंद हवी, पळी सारखी फिरती हवी आणि लक्ष शेजारणीच्या गप्पांकडे जाता कामा नये. नाहीतर ती फुटते. एकदा सोडलेल्या जागी परत जाणाऱ्या माणसाची गोष्टही काहीशी अशीच आहे, असे मला वाटू लागले आहे, आणि त्याला कारण झाला आहे फुटबॉलच्या एका संघाचा मॅनेजर.

कोल्हापुरात राहणाऱ्या मास्तराच्या डोक्यात फुटबॉल शिरला याचे कुणी नवल करू नये. इथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे तालमींची. आणि शाहू स्टेडियमवर चेंडूमागे धावणारी पोरे त्याच नावांची. सामना असला म्हणजे सोयरीक झालेली घरेसुद्धा दीड-दोन तास एकमेकांना ओळख देत नाहीत. माझा पुतण्या अशाच एका पेठेचा भक्त. त्याचे रात्रीचे जागरण मात्र इंग्लंडातल्या सामन्यांसाठी. २०२५ च्या जानेवारीत एका सकाळी चहाच्या वेळी तो म्हणाला, "काका, एव्हर्टननं जुना म्हातारा परत आणला बघा! आता काय खरं न्हाई त्यांचं."

म्हातारा म्हणजे डेव्हिड मॉइस. वय एकसष्ट. मी चाळिशी ओलांडलेला असल्यामुळे तो शब्द मला जरा झोंबला, आणि त्या झोंबण्यापायीच मी या माणसाची सारी हकीकत पुतण्याकडून वदवून घेतली.

एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातला जुना क्लब. आपल्याकडे तालमीने संघ काढला, तिकडे तो चर्चने काढला. १८७८ साली सेंट डॉमिंगो नावाच्या चर्चच्या मंडळींनी तो सुरू केला. पुढे ॲनफील्डच्या मैदानावर ही मंडळी खेळत असत. पण जागामालकाशी भाड्यावरून बिनसले आणि १८९२ साली त्यांनी गुडिसन पार्क ही आपली जागा केली. भाडेकरू निघून गेल्यावर मालकाने रिकाम्या ॲनफील्डवर नवा संघ उभा केला, तोच आजचा लिव्हरपूल क्लब! घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण किती पिढ्या चालू शकते, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

मॉइस तिथे पहिल्याने आला २००२ च्या मार्चमध्ये. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता आणि संघ घसरणीला लागला होता. हा रस्त्यावरच्या साध्या माणसांचा क्लब आहे, असे त्याने आल्याआल्याच सांगितले आणि शहराने ते वाक्य उचलून धरले. तो अकरा वर्षे टिकला. वेन रूनी हा सोळा वर्षांचा पोरगा त्याच्याच हाताखाली पहिल्याने मोठ्या सामन्यात उतरला. २००५ साली संघ चौथा आला. २००९ साली एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात साहा या खेळाडूने पंचवीस सेकंदांत गोल केला, आणि तरीही शेवटी चेल्सीने कप नेला. थोडक्यात, अकरा वर्षांत क्लबच्या कपाटात एकही चषक आला नाही. पैसे बेताचे आणि संसार नेटका, असे त्या दिवसांचे वर्णन करता येईल.

मग २०१३ साली मँचेस्टर युनायटेडने त्याला बोलावले. अॅलेक्स फर्ग्युसनसारख्या माणसाची रिकामी खुर्ची आणि सहा वर्षांचा करार. नाही म्हणणारा माणूस विरळाच. पण ती खुर्ची दहा महिनेही पुरली नाही. तिथला त्याचा शेवटचा सामना कुठे झाला असेल? गुडिसन पार्कवर! २० एप्रिल २०१४ रोजी ज्या मैदानावर त्याने अकरा वर्षे काढली, तिथेच त्याचा नवा संघ दोन गोलांनी हरला. त्याच्या मागे प्रेक्षकांत कुणी वात्रट माणूस यमदूताचा काळा झगा घालून, हातात कोयता घेऊन बसला होता. दोनच दिवसांनी मॉइसला नारळ मिळाला. सोडून गेलेल्याला जुने घर असा टोमणा मारते की तो जन्मभर विसरू नये.

पुढची वर्षे वणवणीची. स्पेनमध्ये वर्षभर, मग संडरलंड, तिथे संघ खालच्या श्रेणीत गेला, मग वेस्ट हॅम. वेस्ट हॅमने आधी त्याला निरोप दिला आणि २०१९ च्या अखेरीस पुन्हा बोलावले. हा गृहस्थ गेला, संघ वाचवला, आणि २०२३ साली प्रागला युरोपातला एक चषक जिंकून दिला. त्या क्लबला त्रेचाळीस वर्षांनी मोठा चषक मिळाला होता. परत जाण्याची त्याची ही पहिली शाळा.

इकडे एव्हर्टनने मधल्या काळात मॅनेजर बदलले, पैसा उधळला आणि हिशेबाचे नियम मोडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात आठ गुण गमावले. १९५४ पासून वरच्या श्रेणीत असलेला हा संघ २०२५ च्या जानेवारीत वीसांत सोळावा होता; खड्ड्याच्या काठापासून फक्त एका गुणाने दूर. अशा वेळी ११ जानेवारीला मॉइस परत आला.

पुतण्याची शंका अगदीच पोरकट नव्हती. याच क्लबात हॉवर्ड केंडॉल नावाचा एक थोर माणूस होऊन गेला. १९८४ ते १९८७ या चार वर्षांत त्याने दोनदा लीग जिंकली, एफ. ए. कप आणला, युरोपातला एक कप आणला. तो १९९० साली परत आला आणि तीन वर्षांनी राजीनामा देऊन गेला. १९९७ साली तिसऱ्यांदा आला, तेव्हा हंगामाच्या शेवटच्या दिवशी केवळ गोलांच्या फरकावर संघ वाचला. माणूस तोच, मैदान तेच. पण भिंतीवर त्याचेच तरुणपणचे फोटो लावलेले. रोज सकाळी स्वतःच्याच कीर्तीशी सामना खेळायचा, म्हणजे हरणे ठरलेलेच.

मॉइसचे तसे नव्हते. त्याने मागे ठेवले होते ते एक छप्पर. कपाटात काही नव्हते. त्यामुळे लोकांनी त्याच्याकडे मागितलेही छप्परच. वैभव सोडून गेलेल्यापेक्षा नुसता संसार करून गेलेल्याला परतणे सोपे जात असावे.

पहिलाच सामना तो हरला. मग मात्र पळी फिरू लागली. नवे म्हणून एकच माणूस त्याने संघात आणले, तेही उसने. बाकी खेळाडू तेच, ज्यांना एकोणीस सामन्यांत सतरा गुण मिळाले होते. उरलेल्या एकोणीस सामन्यांत त्याच पोरांनी एकतीस गुण मिळवले. बाकावर बसून राहिलेला बेटो गोल करू लागला. फेब्रुवारीत शेजारच्या लिव्हरपूलशी सामना झाला, तेव्हा वेळ संपून गेल्यावर, अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला टार्कोव्स्कीने बरोबरी साधली. पुतण्याने आमच्या ओसरीवर अशी उडी मारली की शेजारी विचारायला आले. हंगामाअखेर संघ तेरावा आला. तेरावा! याचे पेढे कुणी वाटत नाही. पण ज्या घरावर जप्तीची नोटीस लागायची होती, त्याला तेरावा नंबर म्हणजे काय, ते त्या घरालाच ठाऊक.

हे सारे मी इतक्या मन लावून का ऐकत होतो, ते आता सांगतो. २०२५ च्याच श्रावणात मी सोडून आलेल्या एका खेड्यातल्या शाळेकडून मला पत्र आले. पट घसरत चालला होता, दोन शिक्षक निघून गेले होते, आणि "आपण पुन्हा येण्याचा विचार करावा" अशी विनंती होती. तिथून निघताना माझा निरोपसमारंभसुद्धा झाला नव्हता, हे मी विसरलो नव्हतो. ते पत्र मी आठ दिवस खिशात घालून हिंडलो. शेवटी ते हिच्या हाती लागले. हिने ते वाचले आणि म्हणाली, "अहो, त्या शाळेचं कौल कुठं गळतं आणि भांडं कुठं ठेवायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्या माणसाला आधी भिजावं लागेल."

मॉइसला त्या क्लबने का बोलावले, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितले नव्हते. गणपती झाल्यावर मी होकार कळवला.

आता त्या हकीकतीचा शेवट. गुडिसन पार्क हे मैदान क्लबने सोडायचे आधीच ठरले होते. मर्सी नदीच्या काठी पन्नास हजारांहून अधिक माणसे मावतील असे नवे मैदान तयार झाले होते. म्हणजे मॉइस आपल्या घरी परतला तो नेमका घर सोडण्याच्या वर्षी! आपल्याकडे वाडा पाडायला निघाला की थोरल्या काकांना बोलावून घेतात, तसेच हे झाले. १८ मे २०२५ रोजी एकशे तेहतीस वर्षांच्या त्या मैदानावर पुरुषांच्या संघाचा शेवटचा सामना झाला. इलिमान एनडिआये या पोराने दोन गोल केले आणि संघ जिंकला. मैदान मात्र पाडले नाही; तिथे आता क्लबचा स्त्रियांचा संघ खेळू लागला. लेकींनी जुने घर सांभाळावे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

ऑगस्टमध्ये नव्या मैदानावर लीगचा पहिला सामना झाला. पहिला गोल कुणी केला? त्याच एनडिआयेने.

हे ऐकून हिने स्वयंपाकघरातून विचारले, "मग यात नवल काय? नव्या घरातलं पहिलं दही जुन्या घरच्या विरजणानंच लावतात की!"

खरेच आहे. आणि ताक त्या दह्याचे, आणि कढी त्या ताकाची. मग शिळी कोणती आणि ताजी कोणती, ते म्हण करणाऱ्याने ठरवावे.