आकड्याखालचा आलेख

खालाच्या पित्ताशयातले खडे काढायचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी तिचं रक्त माझ्याच लॅबमध्ये आलं. मिरजेत लॅबना काय तोटा, पण "भाची असताना दुसरीकडे कशाला?" हा तिचा हिशोब. मला नोकरीला लागून तेव्हा चार महिने झाले होते.

मशीनमधून कागद आला. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ३८,०००. दीड ते साडेचार लाख असायला हव्यात! माझे हात गार पडले. आकड्याशेजारी एक खूण होती, खाली तीन आलेख होते. ते रोजच असतात, म्हणून रोजच्यासारखेच सोडून दिले. डॉक्टरांना कळवलं आणि घरी फोनही करून टाकला. ऑपरेशन पुढे गेलं.

त्या रात्री खालूजान रक्तपेढीत चौकशी करून आले. शेजारणीने पपईच्या पानांचा रस आणला. आणि इशाच्या नमाजनंतर खालाने कपाट उघडून बांगड्या दोन्ही सुनांना वाटून टाकल्या.

सकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला बोलावलं. "आकडा वाचलास. आलेख पाहिलास?"

मी गप्प.

मशीन पेशीला पाहत नाही. बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जातात, विजेच्या प्रवाहात अडथळा येतो, आणि जेवढी पेशी मोठी तेवढा ठोका मोठा. ही युक्ती अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांची, पेटंट १९५३ चं. कोणत्या मापाच्या किती पेशी गेल्या, याचं चित्र म्हणजे आलेख. प्लेटलेट साधारण १० फेम्टोलिटरची, लाल पेशी ९० च्या आसपास. प्लेटलेटची रेघ चढून उतरावी आणि २० च्या पुढे तळाला टेकावी. खालाची रेघ टेकलीच नव्हती, दातेरी होऊन वरच लोंबकळत होती. पांढऱ्या पेशींच्या आलेखातही डाव्या टोकाला, जिथे सपाट असायला हवं, तिथे उंचवटा होता.

"प्लेटलेट कमी नाहीत, चिकटल्यात," मॅडम म्हणाल्या. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही जणांच्या रक्तात त्यामुळेच प्लेटलेट एकमेकींना धरून बसतात. शरीरात नव्हे, फक्त नळीत. मग दहा जणींचा पुंजका मशीनला एक मोठी पेशी वाटतो आणि प्लेटलेटच्या मोजणीतून निसटतो.

मी काचपट्टीवर रक्त पसरून रंगवलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पट्टीच्या कडेला पुंजकेच पुंजके. मग निळ्या बुचाच्या सायट्रेटच्या नळीत नवं रक्त घेतलं. आकडा १,९०,०००. त्या द्रवाने रक्त जरा पातळ होतं, म्हणून १.१ ने गुणायचं: २,०९,०००.

मला सर्वांत जास्त लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. खालाच्या अंगावर निळे डाग नव्हते, हिरड्यांतून रक्त येत नव्हतं. एवढं तरी फोन करण्याआधी विचारता आलं असतं.

प्रत्येक कमी आकडा खोटा नसतो. डेंग्यूत प्लेटलेट खरोखर घसरतात, तिथे वाट पाहत बसू नये. पण ताप नाही, डाग नाहीत आणि आकडा अचानक कोसळलाय, तर घरच्यांनी लॅबला बिनधास्त विचारावं, "स्मिअर पाहिला का?" या प्रश्नाचा राग येणारी लॅब असेल, तर दुसरी शोधावी.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी झालं. धाकट्या सुनेने बांगड्या त्याच दिवशी परत आणून दिल्या. थोरलीला आठवडा लागला, पण तो विषय वेगळा.

मॅडमनी खालाला एक कार्ड लिहून दिलं: ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात, सायट्रेटमध्ये तपासा. दोन वर्षांनी ती पुण्याला मुलीकडे असताना तिथल्या लॅबने ४१,००० सांगितले. लेक रडायला लागली. खालाने पर्समधून कार्ड काढलं आणि काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, "बेटा, आधी खालचा आलेख बघ."