पाठीवरचा डबा

परवा दादाचा फोन आला. सांगलीचं घर रिकामं करायला घेतलंय. "माळ्यावर आपला पोहायचा डबा सापडला बघ. भंगारात घालू का?"

"सांगते," म्हणून मी फोन ठेवला. सांगण्यासारखं त्यात काय होतं? तोंडाला डाख देऊन कायमचा बंद केलेला पत्र्याचा डबा, दोन बाजूंना कड्या, कड्यांत ओवलेली सुती दोरी. पण नाकात भिजलेल्या दोरीचा वास भरला तो दिवसभर गेला नाही. हाच वास मला दोन वर्षांपूर्वी कॅनडातल्या एका नदीकाठी आला होता.

माझ्या साठीला लेकानं मला काही विचारलंच नाही. कॅल्गरीहून गाडी काढली, डिकीत तंबू टाकला आणि बॅन्फमधून मला योहोत नेलं. दोन्ही राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून. हद्द डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र ठाऊक असते. बॅन्फचं पाणी पूर्वेला हडसनच्या उपसागराकडे जातं, योहोचं पश्चिमेला पॅसिफिककडे. रात्री तंबूत खाण्याचा कणही ठेवायचा नाही, अस्वलं येतात. टूथपेस्टसुद्धा गाडीत. मी पुण्याहून नेलेला बेसनाच्या लाडवांचा डबा लेकानं कुलपात टाकला, त्यामुळे वाढदिवसाचा लाडू मी गाडीत बसून खाल्ला. रात्रभर डोंगरातून मालगाड्यांचा आवाज येत होता. तिथला चढ इतका उभा, की १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात गोल फिरणारे दोन बोगदे खणून रूळ वर चढवले. लांबलचक गाडीचं तोंड एका टोकानं बाहेर येतं तेव्हा शेपूट खालच्या तोंडातून अजून आत जात असतं.

सकाळी नदीवर, रबरी बोटीतून जायला. किकिंग हॉर्स हे नदीचं नाव. १८५८ च्या ऑगस्टमध्ये जेम्स हेक्टर नावाच्या डॉक्टरला इथंच त्याच्या घोड्यानं लाथ घातली. तो असा निपचित पडला, की सोबत्यांनी त्याच्यासाठी खड्डा खणायला घेतला होता म्हणतात. डॉक्टर उठला, पुढं खिंड शोधली आणि नाव मिळालं घोड्याच्या लाथेला. आमची गाईड पोरगी हे हसत सांगत होती आणि मी मात्र तिच्या हातांकडे बघत होते. तिनं माझ्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्या धरल्या, गुडघा टेकवून खस्सकन ओढल्या. दोरी पोटाला काचली. तोच वास आला.

लहानपणी मे महिन्याच्या सुटीत वडील, आमचे अण्णा, आम्हा दोघांना कृष्णेच्या सरकारी घाटावर पोहायला न्यायचे. डबा पाठीवर, गाठ पोटावर. एके सकाळी दादा हातपाय मारत असताना अण्णांनी पाण्यातच त्याची गाठ सोडली. डबा एकटाच वाहत निघाला आणि दादा पोहत राहिला. घाटावरच्या बायका धुणं थांबवून हसल्या. मी लगेच अण्णांच्या पुढं जाऊन पोट पुढं केलं. "तुझा राहू दे," ते म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात मी मोठी झाले आणि घाटच बंद झाला.

हा राग मी पन्नास वर्षं सांभाळलाय. संसारात बाकीचे सगळे राग हरवले, हा नाही.

नदीचं पाणी पांढुरकं, जाड ताकासारखं. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात उतरतं. बोटीतून पडलं तर काय करायचं ते आधीच शिकवलं होतं: उताणं व्हायचं, पाय वर, पाय प्रवाहाच्या दिशेनं, आणि उभं राहायचं नाही, नाहीतर पाय खडकात अडकतो. गंमत वाटली. पाठीवरच्या डब्यानं माणूस पालथा तरंगतो, तोंड पाण्याकडे. इथं तोंड आभाळाकडे.

खळाळ संपून नदी संथ झाली तेव्हा गाईड म्हणाली, हवं त्यानं उतरावं. लेक म्हणाला, "आई, नको हं, पाणी बर्फ आहे." मी उतरले. श्वास अडकला. पण तरंगले, उताणी, दोन्ही काठांना काळी सूचिपर्णी झाडं. मनात आलं, आता कुणीतरी ही पट्टी सोडावी. तेवढ्यात त्या पोरीनं जॅकेटचे खांदे धरून मला वर खेचलं आणि मी मासळीसारखी बोटीत पडले. धापा टाकत बघितलं, तर तिच्या स्वतःच्या पट्ट्या माझ्याहून घट्ट होत्या. दहा उन्हाळे ती या नदीवर आहे. निघताना दुसऱ्या गाईडनं तिचंही बकल ओढून बघितलं होतं.

डबा सुटला की पोहता आलं, असं आमच्या घाटावरचं गणित. नदी रोज बघणारी माणसं तर जॅकेट कधी सोडतच नाहीत. अण्णांना हे ठाऊक होतं असं म्हणून मला त्यांना माफ करायचं नाही. त्यांना भीती वाटली असेल, किंवा लोक काय म्हणतील तेही असेल. एकदा विचारायला हवं होतं, ते राहिलं.

मग आठवला तो दादाचा फोटो. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. आमच्या घराचा खालचा मजला पाण्याखाली. बचावपथकाच्या रबरी बोटीत दादा बसलाय, अंगात नारिंगी जॅकेट, पट्ट्या नीट आवळलेल्या. पूर्वी पावसाळ्यात याच पुलावरून उड्या मारणारा दादा. चेहऱ्यावर लाज होती. तो फोटो पाहून मी तेव्हा हसले होते, त्याचं आता वाईट वाटतं.

हे एवढं सगळं आठवून झाल्यावर काल मी दादाला कळवलं, डबा टाकू नकोस, मला हवाय.

त्याचं उत्तर आलं: "सकाळीच गेला गं. घंगाळाबरोबर, किलोवर."