पंचवीस अक्षरे

किल्ली ही वस्तू मला लहानपणापासून कुलपापेक्षा अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. कुलूप बापडे दाराला लटकून असते. हिंडते ती किल्ली. आजीच्या कमरेला, आईच्या उशाखाली, वडिलांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. घरात कोणाच्या शब्दाला किती वजन आहे, हे पाहुण्याला सांगावे लागत नसे. जुडगा कोणाच्या कमरेला खुळखुळतो एवढे पाहिले की पुरे. पण या साऱ्या किल्ल्या लोखंडी-पितळी, हाताला लागणाऱ्या. हरवली तर कोपऱ्यावरचा किल्लीवाला कानस घासून अर्ध्या तासात दुसरी करून देई. गेल्या वर्षी जिच्याशी माझी गाठ पडली ती किल्ली हाताला लागत नाही आणि तिला वजनही नाही. ती नुसती पंचवीस अक्षरांची आहे.

संगणकात विंडोज नावाची जी मूळ व्यवस्था असते, जिच्यावाचून ते यंत्र म्हणजे नुसता पत्र्याचा पेटारा, तिची ही किल्ली. तिला प्रॉडक्ट की म्हणतात. पाच-पाच अक्षरांचे पाच गट आणि मधे आडव्या रेघा. पाहिल्याबरोबर वाटते, कोणा मुलाने टाइपरायटरवर पाय दिला असावा. पण जरा निरखून पाहिले की त्यामागचा शहाणपणा ध्यानात येतो. इंग्रजीतली सव्वीस अक्षरे आणि दहा आकडे, यांतली निवडक चोवीसच चिन्हे या किल्लीसाठी ठेवली होती. पुढे विंडोज ८ पासून त्यांत ‘एन’ची भर पडली. शून्य नाही आणि ‘ओ’ही नाही. एक नाही, ‘आय’ नाही, ‘एल’ नाही. पाच नाही, ‘एस’ नाही. म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा जिथे व्हायचा तिथली अक्षरे आधीच गाळून टाकली. स्वर तर एकही नाही, त्यामुळे चुकून एखादा भलता शब्द तयार व्हायचीही भीती नाही. वर्षानुवर्षे मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला ही दूरदृष्टी फार आवडली. तरी ‘बी’ आणि आठ ही जोडी राहिलीच. ‘जी’ आणि सहाही राहिले. शहाणपणालाही कुठे तरी थांबावे लागते.

आरंभी या किल्ल्या फारच भोळ्या होत्या. विंडोज ९५ ची किल्ली निव्वळ आकड्यांची असे: आधी तीन आकडे, मग सात. त्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग गेला आणि पहिले तीन काही ठरावीक निषिद्ध आकडे नसले, की यंत्राचे समाधान होई. त्यामुळे दहाच्या दहा ठिकाणी एक लिहिला तरी दार उघडे. सात एकांची बेरीज सात! चौथीतल्या मुलाने फोडावे असले ते कुलूप. पुढे २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि नुसती किल्ली बरोबर असणे पुरेनासे झाले. यंत्र कंपनीकडे चौकशी करू लागले, की ही किल्ली दुसरीकडे कुठे वापरात नाही ना? आणि आता तर किल्लीपेक्षा यंत्राच्या ओळखीलाच मान अधिक. त्याच्या पोटात मदरबोर्ड म्हणून जी मुख्य पाटी असते, ती कोणती, हे दूरच्या दप्तरात नोंदलेले असते. पाटी तीच असेल तर विंडोज कितीदा पुसून पुन्हा घाला, कोणी किल्ली विचारीत नाही. पाटी बदलली की मात्र, “आपण कोण?”

हा प्रश्न आमच्या वहिनींच्या घरी विचारला गेला.

दादा जाऊन तीन वर्षे झाली. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी २०१६ साली सुटे भाग आणून हा संगणक स्वतःच्या हाताने जुळवला होता, आणि विंडोज १० ची प्रत दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतली होती. तेव्हा सगळे त्यांना हसले. फुकट मिळते ती वस्तू विकत कशाला घ्यायची, हा आपल्याकडचा बिनतोड युक्तिवाद. दादा म्हणाले होते, “जन्मभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या, आता माझी एक असू दे.” त्यांच्या मागे वहिनी ते यंत्र वापरू लागल्या. पेन्शनचे पाहायचे, मुलीशी बोलायचे, भिशीचा हिशेब ठेवायचा. की-बोर्डवरची काही अक्षरे दादांच्या बोटांनी झिजून पुसट झाली आहेत. वहिनींना ती तशीच हवी आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची डागडुजी कंपनीने थांबवली. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात ते असे उघड्यावर ठेवणे बरे नव्हे, म्हणून विंडोज ११ घालायचे ठरले. पण ही अकरावी आपल्या बसण्याची जागा पारखून घेते. तिला टीपीएम २.० नावाचा पहारेकरी यंत्रात लागतो आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरच्या पिढीचा लागतो. दादांचे यंत्र त्याआधीचे. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो सुटीत आला, आणि त्याने मदरबोर्ड व प्रोसेसर बदलले. पेटी, डिस्क, पडदा, की-बोर्ड सारे पूर्वीचेच. वहिनींच्या फायली त्याने आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. हे मात्र त्याचे शहाणपण. मग पेन ड्राइव्ह लावून त्याने अकरावी घातली. किल्ली विचारली तेव्हा ‘माझ्याकडे किल्ली नाही’ या ओळीवर बोट दाबले आणि ‘होम’ की ‘प्रो’ या प्रश्नाला ‘प्रो’ म्हणून मोकळा झाला. मोठे ते चांगले!

यंत्र सुरू झाले. पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांची एक ओळ उमटली: विंडोज सक्रिय करा. कसले काम अडत नव्हते. फायली उघडत होत्या, मुलीचा चेहरा दिसत होता. फक्त मागचे चित्र बदलता येईना. दादांनी तिथे हरिहरेश्वरच्या समुद्राचा स्वतः काढलेला फोटो लावला होता. आता तिथे कंपनीचे निळे फूल आले.

“चित्राचं एवढं काय, मामी?” भाचा म्हणाला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या ओळीकडे मात्र पुन्हा पुन्हा पाहत होत्या. घरावर थकबाकीची नोटीस चिकटवावी तशी ती त्यांना दिसत असावी.

गावातल्या एका दुकानदाराने दोन मिनिटांत उपाय सांगितला. “सातशे रुपये द्या, की टाकून देतो. सगळे हेच करतात.” या स्वस्त किल्ल्यांचे मूळ पुष्कळदा असे असते, की एखाद्या मोठ्या संस्थेला शेकडो यंत्रांसाठी दिलेली एकच किल्ली बाहेर फुटते आणि किरकोळीत विकली जाते. आज ती चालते. एखादे दिवशी बंद पडते, आणि तोवर दुकानदाराला आपला चेहराही आठवत नसतो. मी हे सांगू लागलो, पण वहिनींना कारणे नकोच होती. “ह्यांनी पैसे भरलेत,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्याची किल्ली आपण का लावायची?”

खरेच, भरलेल्या पैशांत नेमके काय मिळाले होते? विंडोजची मालकी कोणालाच मिळत नाही. मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि त्याचे दोन मुख्य प्रकार. तयार संगणकाबरोबर येतो तो नोकरीबरोबर मिळालेल्या खोलीसारखा. ते यंत्र संपले की तोही संपला. २०१२ नंतरच्या तयार यंत्रांत ही किल्ली पाटीतच कोरून येते, कागदावर ती नसतेच. दुकानातून वेगळी घेतलेली प्रत मात्र आपल्याबरोबर बिऱ्हाड बदलू शकते. एका वेळी एकाच यंत्रावर, एवढीच अट. आणि दहावीचा परवाना अकराव्या विंडोजलाही चालतो. दादांची प्रत या दुसऱ्या प्रकारची. म्हणजे हक्क शाबूत होता, तो सिद्ध करायचा होता.

वहिनींनी माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढवली. दादांनी पावतीसकट डबी जपून ठेवली होती. डबीवर स्पष्ट शब्द होता: ‘होम’. भाच्याने कपाळावर हात मारला. होमची किल्ली प्रोच्या दाराला लागत नाही, आणि प्रोवरून होमवर साध्या किल्लीने उतरता येत नाही. सारे पुसून पुन्हा घालणे आले. तो घालीत होता तोवर मी डबीतले कार्ड उजेडात धरले. तिसऱ्या गटातले दुसरे अक्षर कसरीने खाल्ले होते! चोवीस अक्षरे शाबूत आणि एक गायब.

इथे ती गाळलेली अक्षरे आमच्या उपयोगी पडली. पस्तीस-छत्तीस शक्यता असायच्या त्या पंचवीसच उरल्या. एकेक चिन्ह घालून पाहू लागलो. चुकीचे अक्षर असले की यंत्र तत्काळ ‘किल्ली चालत नाही’ म्हणे. पंचवीस अक्षरांत आपसातच असा काही हिशेब असतो, की एक चुकले तरी सारी विसकटतात. चौदाव्या वेळी नकार आला, पण निराळा. किल्ली खरी आहे; मात्र ती दुसऱ्या यंत्रावर लागलेली आहे.

“दुसरं यंत्र कुठलं?” वहिनी चकित होऊन म्हणाल्या. “हेच की ते!”

त्या दूरच्या दप्तराच्या दृष्टीने ते ‘हेच’ नव्हते. पेटी तीच, की-बोर्ड तोच, टेबल, खोली, माणसे तीच. पण पाटी बदलली, सबब यंत्र नवे. अशा प्रसंगासाठी विंडोजमध्ये सोय आहे. २०१६ च्या ऑगस्टपासून परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवता येतो. तसा तो जोडलेला असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर चालवायचा, आणि ‘मी अलीकडे या यंत्राचे भाग बदलले आहेत’ हे निवडून त्या खात्याने आत जायचे. यंत्र उघडण्याआधी हे पान पाहून घ्यावे, असे मी आता भेटेल त्याला सांगतो. खाते जोडलेले आहे असे तिथे लिहिलेले नसेल, तर आधी जोडावे आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा.

दादांनी जोडले असेल का? त्यांच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर, गॅसच्या ग्राहक क्रमांकाखाली, खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द लाल शाईने लिहिलेला सापडला. भाच्याने तो घातला. पडद्यावर आले, की आपल्या नोंदवलेल्या मोबाईलवर एक आकडा पाठवला आहे, तो इथे लिहा.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. तीन वर्षे झालेल्या माणसाचा मोबाईल! रिचार्ज थांबला की काही महिन्यांत नंबर काढून घेतात आणि दुसऱ्याला देऊन टाकतात. मी म्हणालो, “संपलं.”

वहिनी उठल्या. देवघराशेजारच्या कपाटातून त्यांनी दादांचा फोन आणला. तो चालू होता. त्यावर तो आकडा येऊन पडला होता.

त्या तीन वर्षे दर महिन्याला त्या नंबरचे पैसे भरीत आल्या होत्या. मुलगी रागावली होती म्हणे. जावयांनी, ‘हा पैसा पाण्यात,’ असे समजावून सांगितले होते. मलाही कळले असते तर मी तेच म्हटले असते. कोणाचा फोन त्यावर येणार होता? वहिनींनी मात्र त्याचे कारण कोणालाच सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नाही.

भाच्याने आकडा लिहिला. खात्याशी जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. यंत्राला मालक नाव देऊ शकतो. पुष्कळ लोक देत नाहीत, आणि विंडोजने आपणहून ठेवलेले अक्षरा-आकड्यांचे नाव तसेच राहते. यादीत एकच नाव होते. वहिनी चष्मा पुसून वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. ते त्यांचे माहेरचे नाव होते. लग्नात बदलले गेलेले, पंचेचाळीस वर्षांत या घरात कोणी मोठ्याने न उच्चारलेले. मी ते इथे लिहीत नाही.

“मामी, हे कोण?” भाच्याने विचारले. त्या पिढीला हे कुठून माहीत असणार!

“हेच यंत्र,” वहिनी म्हणाल्या. “दाबा.”

त्याने ‘सध्या मी हेच यंत्र वापरत आहे’ या ओळीपुढे खूण केली आणि बटण दाबले. एक चक्र फिरले. कोपऱ्यातली फिकट ओळ गेली. त्याने हरिहरेश्वरचा समुद्र परत लावला, आणि नव्या मदरबोर्डच्या यंत्राला आता नाव काय द्यायचे, असे विचारले.

“आहे तेच,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी दादांचा फोन माझ्या हाती दिला. “भाऊजी, ह्याचा रिचार्ज उद्या संपतोय. तेवढा करून ठेवा. मी चहा टाकते.”